२००९ च्या लॅपटॉपवर दोन बोटांनी स्क्रोल होईल का? बाबांना फोनसारखं हवंय

साकवाकडची, माशेल

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा विचित्र वाटेल पण विचारतेच. बाबांचा लॅपटॉप २००९ चा आहे, टाकवत नाही कारण त्याच्यासारखा कीबोर्ड आता मिळत नाही. मागच्या वर्षी त्यात एसएसडी घातली, रॅम ४ जीबी केली, विंडोज ७ काढून लिनक्स मिंट टाकलं, एक्सएफसीईवालं (हलक्या डेस्कटॉपचं), आणि आता एकदम पळतो. जत्रेच्या नाटकाची संहिता त्याच्यावरच असते, म्हणजे टाइप मी करते आणि बाबा सोप्यावर, म्हणजे ओसरीवर, बसून वाचतात आणि चुका कागदावर काढून मला देतात. ९४ पानं आहेत. चवथ झाली की तालमी सुरू, तेव्हा प्रॉम्प्टिंग पण ह्याच्यावरूनच करतो म्हणतात कारण अक्षर पाहिजे तेवढं मोठं होतं.

भानगड अशी की फोन वापरून वापरून त्यांची सवय बिघडलीय. दोन बोटं पॅडवर ठेवतात, वर ढकलतात, कर्सर जातो कोपऱ्यात आणि मग मला हाक. माझ्या ऑफिसच्या लॅपटॉपवर दोन बोटांनी मस्त सरकतं आणि बोटं उचलली तरी जरा पुढे घरंगळत जाऊन थांबतं, ते त्यांनी एकदा बघितलं आणि आता तेच पाहिजे. ह्या जुन्यावर फक्त उजव्या कडेवरून एक बोट फिरवलं तरच स्क्रोल होतं. सेटिंगमध्ये दोन बोटांचा पर्याय आहे पण पुसट, क्लिकच होत नाही. पॅड सिनॅप्टिक्स कंपनीचं आहे. काही होईल का, की पॅडच तेवढं आहे?

बिनकामाचा

यूएसबी माऊस घे, तीनशे रुपये. विषय संपला.

साकवाकडची, माशेल

माऊस आहे हो. बाबा आरामखुर्चीत बसतात, लॅपटॉप मांडीवर, माऊस ठेवायचा कुठे, डोक्यावर?

पाटो पुलाखाली

होईल बहुतेक. पण आधी पॅडला किती अक्कल दिलीय ते बघावं लागेल. (कमांडची नावं मराठीत लिहितोय कारण बसमधून फोनवर टाइप करतोय आणि कीबोर्ड बदलायचा कंटाळा, तुम्ही टर्मिनलमध्ये अर्थात इंग्रजीतच टाका.)

जुनं सिनॅप्टिक्स पॅड सेकंदाला ८० पॅकेट पाठवतं, प्रत्येक पॅकेट ६ बाइटचं. त्यात बोट आडवं उभं कुठे आहे ते असतं, किती जोर आहे तो झेड नावाचा आकडा असतो, आणि एक डब्ल्यू नावाचा आकडा असतो ० ते १५ मधला. सगळी मजा ह्या डब्ल्यूमध्ये आहे. ० आला म्हणजे दोन बोटं, १ आला म्हणजे तीन किंवा जास्त, आणि ४ पासून पुढे म्हणजे बोट एकच पण ते केवढं रुंद आहे. आता गंमत अशी की ० आणि १ सांगायची सोय सगळ्या पॅडना दिलेली नव्हती. ज्यांना नाही त्यांना तुमची दोन बोटं म्हणजे एकच जाडजूड बोट वाटतं, दोन्हीच्या मधोमध ठेवलेलं. तुमचा पर्याय पुसट दिसतोय तो ह्यामुळेच असणार, ड्रायव्हरने पॅडला विचारलं दोन बोटं ओळखतोस का, पॅड म्हणालं नाही.

खात्री करायची तर टर्मिनलमध्ये सुडो लावून लिबइनपुट लिस्ट-डिव्हायसेस चालवा, टचपॅडच्या खाली स्क्रोल मेथड्स अशी ओळ येईल. तिथे नुसतं एज, म्हणजे कड, असेल तर पॅड एकबोट्या. टू-फिंगर पण असेल तर मग फक्त सेटिंगची गडबड आहे.

एकबोट्या निघालं तरी घाबरू नका. इव्हटेस्ट नावाचं छोटं टूल टाका, त्यात टचपॅड निवडा आणि प्रेशर (म्हणजे झेड) आणि टूल विड्थ (म्हणजे डब्ल्यू) ह्या दोन आकड्यांकडे लक्ष ठेवून आधी एक बोट फिरवा, मग दोन बोटं चिकटवून फिरवा. आकड्यात स्पष्ट फरक पडला तर आपण ड्रायव्हरला फसवू शकतो, की एवढं जाड बोट दिसलं तर दोन समज. आकडे इथे टाका.

डिचोली बसस्टँड

मध्येच घुसतोय सॉरी, माझा सेम प्रॉब्लेम पण विंडोज १० वर. लॅपटॉप २०१४ चा. दोन बोटांनी स्क्रोल होतं पण धक्के देत देत, तीन तीन ओळी उडी मारतं, आणि तीन बोटांनी विंडो बदलायचं वगैरे काहीच नाही. ऑफिसातल्या नव्या पोरांचे लॅपटॉप लोण्यासारखे चालतात. विंडोज अपडेट तर बंदच झाले ऑक्टोबर २०२५ मध्ये, मग हे काय आता मिळणारच नाही का?

सोलकढी २.०

@डिचोली बसस्टँड, त्याचा आणि विंडोज अपडेट बंद होण्याचा काही संबंध नाही बाब. ते लोण्यासारखं जे म्हणतोस ना त्याला प्रिसिजन टचपॅड म्हणतात, २०१३ मध्ये विंडोज ८.१ बरोबर आलं. आधी कसं होतं, बोटांचा अर्थ लावायचं काम पॅडच्या कंपनीचा ड्रायव्हर करायचा आणि विंडोजला नुसतं सांगायचा की माऊसचं चाक एक घर फिरलं, म्हणून त्या उड्या. प्रिसिजनमध्ये बोटं कुठे आहेत ते सरळ विंडोजला कळतं आणि अर्थ विंडोज लावतं. तुझ्या लॅपटॉपचं हार्डवेअर बरेचदा तेवढं लायक असतं, पण बनवणाऱ्यांनी जुनाच ड्रायव्हर घालून दिलेला असतो.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये जा, माऊसच्या खाली टचपॅड असेल, त्याच्या डिटेल्समध्ये हार्डवेअर आयडी बघ. एसवायएन असेल तर सिनॅप्टिक्स, ईटीडी असेल तर इलान. ह्या दोघांना नव्या मॉडेलसाठी निघालेला प्रिसिजनवाला ड्रायव्हर बरेचदा चालतो, कुठल्यातरी मोठ्या लॅपटॉप कंपनीच्या सपोर्ट पानावरून घे, भलत्या साइटवरून नको, ड्रायव्हरच्या नावाने लोक काय काय चिकटवतात. झिप सोडव, मग अपडेट ड्रायव्हर, मग ब्राउज, मग मी स्वतः निवडतो, मग हॅव डिस्क, आणि त्यातली इन्फ फाइल दाखव. विंडोज ओरडेल की हा ड्रायव्हर जुळेल याची खात्री नाही, ओरडू दे. रीस्टार्टनंतर सेटिंगच्या टचपॅड पानावर सगळ्यात वर लिहून येईल की तुमच्याकडे प्रिसिजन टचपॅड आहे. आलं तर जिंकलास. आयडी अल्प्स ह्या तिसऱ्या कंपनीचा निघाला तर मात्र ह्या वाटेला जाऊ नकोस.

आणि हो, आधी रीस्टोअर पॉइंट बनव आणि यूएसबी माऊस जवळ ठेव. मी ठेवला नव्हता. पॅड मेलं आणि मग रात्री दीडला टॅब दाबत दाबत डिव्हाइस मॅनेजरपर्यंत गेलो, ते दिवस आठवायला नकोत.

बिनकामाचा

बघा शेवटी माऊसच लागला.

साकवाकडची, माशेल

@पाटो, केलं. नुसतं एज लिहून आलं, म्हणजे एकबोट्याच. इव्हटेस्टमध्ये माझं एक बोट ठेवलं तर विड्थ ४, कधी ५, प्रेशर ५० च्या आसपास. दोन बोटं चिकटवून ठेवली तर विड्थ ८ ते ९, प्रेशर ८५ ते ९५. फरक आहे ना हा?

पाटो पुलाखाली

आहे म्हणजे, मस्त आहे! आता ऐका. मिंटमध्ये हल्ली पॅड, माऊस सांभाळायला लिबइनपुट असतं, ते स्वच्छ आहे पण असले जुगाड करू देत नाही. त्याच्या आधीचा सिनॅप्टिक्सचा एक्सऑर्ग ड्रायव्हर अजून मिळतो, एक्ससर्व्हर-एक्सऑर्ग-इनपुट-सिनॅप्टिक्स नावाचं पॅकेज. वेलँडवर (स्क्रीनवर विंडो दाखवायची नवी पद्धत) चालत नाही, पण तुमचं एक्सएफसीई एक्स ११ वर (जुनी पद्धत) आहे त्यामुळे चालेल. तो टाका, लॉगआउट करून परत या. मग सिंकक्लायंट ही कमांड मिळते, नुसती एल लावून चालवली की सगळ्या सेटिंगची लांबलचक यादी येते.

त्यात एम्युलेट-टू-फिंगर-मिन-झेड आणि मिन-डब्ल्यू असे दोन आकडे शोधा. हे दोन्ही एकदम ओलांडले तरच ड्रायव्हर दोन बोटं समजतो. माझ्याकडे झेडचा आकडा आपोआप २८२ आला होता, आणि पॅडचा झेड २५५ च्या वर जातच नाही, म्हणजे सोय आहे पण कुलूप लावून ठेवलेली! तुम्ही झेड ७० करा आणि डब्ल्यू ७. मग व्हर्ट-टू-फिंगर-स्क्रोल १. फोनसारखी दिशा पाहिजे तर व्हर्ट-स्क्रोल-डेल्टाच्या आकड्यापुढे मायनस लावा, झालं. घरंगळणं पण ह्यातच आहे, कोस्टिंग-स्पीड आणि कोस्टिंग-फ्रिक्शन. फ्रिक्शन वाढवलं की लवकर थांबतं.

रीबूट केलं की हे सगळं विसरतं. म्हणून चाललं की ती ओळ लॉगिनला चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या यादीत टाकून द्या.

कुळागरवाला

हे असं आधी पण झालंय हं. ॲपलने २००५ च्या सुरुवातीला नव्या पॉवरबुक लॅपटॉपमध्ये दोन बोटांचं स्क्रोल आणलं आणि केवढं कौतुक झालं. मग कोणीतरी आयस्क्रोल२ म्हणून एक ड्रायव्हर लिहिला आणि त्याच्या आधीच्या बऱ्याच पॉवरबुक आणि आयबुकवर तेच चालायला लागलं. म्हणजे पॅडला येत होतं, कोणी विचारलं नव्हतं.

बाकी माझं मत विचाराल तर कडेचं स्क्रोल वाईट नाही. सिनॅप्टिक्स ड्रायव्हरमध्ये सर्क्युलर स्क्रोलिंग आहे ते चालू करून बघा ताई, कडेला बोट टेकवायचं आणि गोल गोल फिरवत राहायचं, रगड्यावर वाटण फिरवतात तसं, पान चालत राहतं, बोट उचलायलाच नको. ९४ पानं त्याच्यावर आरामात जातील. मी गेली कित्येक वर्षं तसंच वाचतो आणि दोन बोटांशिवाय माझं काही अडलेलं नाही.

साकवाकडची, माशेल

@कुळागरवाला, बाबांना दाखवलं, म्हणाले मी काय जातं घेऊन बसलोय काय. नापास.

@पाटो, चाललं!!! म्हणजे माझ्या हाताने चाललं. बाबांनी एक बोट ठेवलं तरी पान पळायला लागलं. परत इव्हटेस्ट लावून त्यांच्या बोटाचा आकडा बघितला तर एकट्या बोटाला ७, कधी ८. आयुष्यभर माडाची आणि फावड्याची कामं केलेली बोटं आहेत ती, माझी दोन म्हणजे त्यांचं एक. दोन बोटांना त्यांचं ११-१२ जातं. म्हणून मग डब्ल्यू १० केला, त्यांचं चालतं, माझं आता चालत नाही, मी कडेने करते. चालेल, लॅपटॉप त्यांचा आहे.

दुसरी गंमत. मी टाइप करताना पान खाली सोडलं, ते घरंगळत होतं, मी सवयीने कंट्रोल एस दाबलं आणि बघता बघता सगळं लहान होत होत मुंगीएवढं झालं. मला वाटलं संहिता गेली. बाबा मागून विचारतात काय केलंस गो. हे का होतं?

पाटो पुलाखाली

हाहाहा, सॉरी, सांगायला विसरलो. हे ह्या ड्रायव्हरचं जुनं दुखणं आहे. बोट उचलल्यावर पण ड्रायव्हर स्क्रोलचे क्लिक पाठवत राहतो, प्रोग्रॅमला वाटतं तुम्ही अजून स्क्रोलच करताय, आणि कंट्रोल दाबून स्क्रोल म्हणजे झूम. संहितेला काही झालेलं नाही, झूम परत १०० करा. म्हणूनच लिबइनपुटवाल्यांनी घरंगळणं ड्रायव्हरमध्ये ठेवलंच नाही, ते काम प्रोग्रॅमवर सोडलं, प्रोग्रॅमला कळतं की आता कंट्रोल दाबला तर थांबायचं.

टाइप करताना कोस्टिंग-स्पीड ० करून टाका, वाचताना परत २०. डेस्कटॉपवर दोन आयकन बनवा, एकाला वाचन नाव द्या, एकाला टायपिंग.

साकवाकडची, माशेल

केले दोन आयकन. बाबांनी स्वतः वाचनवर क्लिक करून पहिला अंक पूर्ण वाचला काल, एकदाही हाक मारली नाही.

पण आज सकाळपासून परत वेडं झालंय. कर्सर थरथरतो, बोट नुसतं टेकवलं तरी पान उडतं, मध्येच स्वतःच स्क्रोल. आकडे तेच आहेत, मी काही बदललं नाही. पाऊस धो धो पडतोय दोन दिवस, सगळंच ओलसर झालंय, पापड पण डब्यात मऊ पडलेत. पॅडला ओल लागली असेल काय?

सोलकढी २.०

असू शकेल, बोट ओलं असेल तर पॅड बिथरतं. सुती फडक्याने पॅड कोरडं पुसा, हात पण पुसायला सांगा आणि बघा.

वायरमनकाका, कुडचडे

मुली, ओल नंतर बघू. मला एक सांग, काल बाबा बॅटरीवर वाचत होते आणि आज चार्जर लावलेला आहे, असं आहे काय? आणि चार्जर लावलेला असताना लॅपटॉपच्या धातूच्या भागावरून हाताची मागची बाजू अलगद फिरवली तर झिणझिण लागते काय?

साकवाकडची, माशेल

काका तुम्ही इथे कॅमेरा लावलाय काय. काल लाइट होती पण चार्जर खोलीत होता म्हणून बॅटरीवरच वाचलं. आज सकाळपासून चार्जर लावलाय. आणि झिणझिण लागते, बिजागरीजवळ एक स्टीलची पट्टी आहे तिथे. आत्ता चार्जर काढला, कर्सर शांत. लावला, थरथर. काढला, शांत. चार वेळा करून बघितलं.

वायरमनकाका, कुडचडे

तेच ते. सोप्यावरचा बोर्ड जुना असणार, दोन भोकांचा, आणि तुम्ही चार्जरची तीन पिनांची वायर कन्व्हर्टर लावून त्यात घुसवली असणार. तिसरी पिन म्हणजे अर्थ, ती हवेत लटकते. चार्जरच्या आत मेन लाइन आणि बाहेरची बाजू यांच्यात बारीक कपॅसिटर असतात, त्यातून थोडासा करंट गळतो, तो अर्थमधून निघून जायला पाहिजे. अर्थ नाही तर तो लॅपटॉपच्या अंगावर राहतो, तुम्हाला झिणझिण लागते ती हीच. आणि हे पॅड बोटामुळे होणारा विजेचा अगदी सूक्ष्म बदल मोजतं, अंगावरच एवढी गुणगुण चालली असेल तर ते काय मोजणार. तुम्ही काढलेले ते डब्ल्यू का काय आकडे, ते चार्जर लावून परत बघा, नाचत असतील.

अर्थ असलेल्या प्लगला लावून बघा. घरात कुठेतरी असेल, फ्रिज किंवा मिक्सरचा. चाललं तर वायरमनला बोलावून सोप्यावर नीट अर्थ ओढून घ्या. आणि एक, यूट्यूबवर बघून न्यूट्रलची वायर अर्थच्या भोकात जोडणारे शहाणे असतात, तसलं काही करू नका. न्यूट्रल कधी तुटला तर लॅपटॉपच्या अंगावर पूर्ण २३० व्होल्ट येतात.

डिचोली बसस्टँड

इकडे माझं पण झालं, आयडी ईटीडी निघाला, इलान. दुसऱ्या प्रयत्नात प्रिसिजन आलं, पहिल्यात पॅड मेलं होतं, माऊस जवळ होता म्हणून वाचलो. तीन बोटं पण चालतात. सोलकढीला एक ग्लास माझ्याकडून.

सोलकढी २.०

आता विंडोज कधीतरी मागच्या दाराने जुना ड्रायव्हर परत घालेल, तेव्हा रडत येऊ नकोस, ती इन्फवाली झिप जपून ठेव.

साकवाकडची, माशेल

काका, मिक्सरच्या प्लगला लावला. थरथर नाही, झिणझिण नाही, इव्हटेस्टमध्ये बाबांचं एक बोट ७ वर गप्प उभं. डब्ल्यू १० तसाच ठेवला, काही बदलावं लागलं नाही. वायरमन म्हणतो पाऊस उघडल्याशिवाय येत नाही, भिंत ओली आहे. त्यामुळे सध्या बाबा दुसरा अंक स्वयंपाकघरात स्टुलावर बसून वाचतायत, आणि आई नारळ वाटायला आली की चार्जर काढून मिक्सर लावते, तेवढा वेळ बॅटरीवर.